‘बरं’ नावाचं बटण

दगडू सीताराम साळवे यांना ठाकुर्लीत कुणी काहीही सांगितलं की ते आधी त्या वाक्याचं शेपूट परत म्हणायचे आणि मग त्याला ‘बरं’ जोडायचे. "दगडूबा, पाणी साडेपाचला येणारे." "साडेपाचला. बरं." "दगडूबा, चपलेचा अंगठा तुटलाय तुमच्या." "तुटलाय. बरं." चाळीतली पोरं त्यांच्या मागून चालायची, मान तशीच एका बाजूला कलती करून, तो ‘बरं’ नाकातून काढत. दगडूबांनी वळून बघितलं की सगळी पोरं एकदम आभाळात काहीतरी शोधायला लागायची. बायको रमाबाई तर तोंडावरच म्हणायची, "उद्या सांगितलं रमा मेली, तरी ‘मेली, बरं’ म्हनत्याल. काळीज हाय का न्हाई वो तुमाला?"

काळीज होतं. सवय केबिनची होती. सत्तावीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या केबिनमध्ये सिग्नलच्या आणि रूळ बदलायच्या लिव्हर ओढल्या होत्या. पलीकडच्या केबिनवरून घंटीचे ठोके यायचे. आले तितकेच ठोके परत द्यायचे. परत दिले म्हणजे एवढंच की ऐकू आलं. काम झालं असं नाही, मंजूर आहे असंही नाही. ते पुढचं पुढं. पण ऐकल्याची पोच दिल्याशिवाय हात हलवायचा नाही. ही शिस्त अंगात इतकी मुरली की घरी कुकरची शिट्टी झाली तरी दगडूबांची मान हलायची.

त्या केबिनमधलं त्यांना सगळ्यात जास्त काय आवडायचं, तर कुलूप. एक लिव्हर ओढली की तिच्या विरुद्धची लिव्हर आपोआप कुलपात जायची. मग तिला दोन पैलवान लटकू देत, जागची हलायची नाही. "माणूस चुकणारच," दगडूबा सांगायचे, "म्हणून चुकीला जागाच ठेवायची नाही. ज्यानं हे बनवलं त्याला लिव्हर ओढणाऱ्याची काळजी होती." सत्तावीस वर्षांत त्यांना एक मेमो नव्हता.

एक्क्याण्णव साली लिव्हर निघाल्या आणि पॅनल आलं. टेबलाएवढा फळा, त्यावर दिवे, बटणं, सगळी एका मापाची. दोन बटणं एकाच वेळी दाबायची. प्रत्येक लिव्हरचं वजन वेगळं असायचं, डोळे मिटूनही हाताला कळायचं आपण कुठं आहोत. इथं हाताला काहीच कळेना. परीक्षेत दगडूबा दोनदा नापास झाले. शिकवणारा तरुण होता, वाईट नव्हता, फक्त घाईत होता. "अहो साळवे, बटण तर आहे! डोअरबेल दाबता ना घरची?" सगळे हसले. दगडूबाही हसले. नंतरची सात वर्षं त्यांनी ऑफिसात शिपाई म्हणून काढली. हाक यायची: "साळवे, फाईल काढा." ते कपाटाकडे जायचे, धूळ झटकायचे, फाईल काढून साहेबांच्या टेबलावर ठेवायचे. दिवसातून वीस वेळा, तीस वेळा. अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात कुणालाच केबिन आठवली नाही. "साळवेंनी कधी फाईल हरवली नाही," एवढंच बोलले.

धाकटी मुलगी चित्रा डोंबिवलीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. क्लासनं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर तिनं रिक्षात घालून घरी आणला आणि शिलाई मशीन हलवून त्या जागी मांडला. शिलाई मशीन रमाबाईंचं. त्यावरून दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी चित्रानं एका मासिकाबरोबर आलेली सीडी त्यात घातली.

"हे फुकट आहे, अण्णा. आणि मोकळं आहे. आतलं सगळं उघडं. कुणीही बघावं, दुरुस्त करावं, परत पाठवावं."

"पाठवावं. बरं. पण बनवतं कोण?"

"जगभरची माणसं. एक जर्मनीत आहे, एक ब्राझीलमध्ये. आपापली नोकरी सांभाळून करतात. पडद्यावरच्या खिडक्या, मेनू, बटणं, सगळं."

"म्हंजी सार्वजनिक नळ की," रमाबाई स्वयंपाकघरातून म्हणाली. "समद्यांचा. मग तोटी गळाया लागली की बसवनार कोन?"

"तेच काम मी घेतलंय आई. मराठी तोटी बसवायचं."

आणि ते खरंच होतं. ती सगळी मांडणी इंग्रजीत होती. चित्रानं त्या लोकांना ई-मेल करून कळवलं होतं की मराठीचं मी करते. एका लांबलचक यादीत एक हजार एकशे चाळीस शब्द आणि वाक्यं होती. अक्षरं कुणीतरी हौसेनं काढलेली, जरा मोडकी. वेलांटी एकीकडे जायची, अक्षर दुसरीकडे. पण वाचता यायचं. पहिले साठ शब्द झाले तेव्हा तिनं मोठ्या अभिमानानं दगडूबांना खुर्चीत बसवलं.

दगडूबांनी चष्मा लावला. पडद्यापासून हातभर लांब मान ठेवून वाचलं. "‘संचिका’. ही कोण? तुझी मैत्रीण?"

"फाईल, अण्णा."

"मग फाईल म्हण की. सात वर्षं मी काय संचिका वाहत होतो?" बोट खाली सरकलं. "‘निर्गमन’. कुणाची मयत आहे का?"

"म्हणजे बाहेर पडायचं."

"तर ‘बाहेर’ लिही. दारावर काय निर्गमन लिहितो आपण?"

रमाबाई पदर तोंडात धरून हसत होती. चित्राचे कान लाल झाले होते. पण तिनं त्याच संध्याकाळी साठच्या साठ शब्द खोडले. दुसऱ्या दिवशी क्लासवरून येताना तिनं दोनशे पानी वही आणली आणि दगडूबांच्या पुढे ठेवली. "तुम्ही बसा माझ्याबरोबर. मला इंग्रजी कळतं म्हणून मला हे कळत नाही. तुम्हाला जे कळेल तेच ठेवायचं."

तेव्हापासून रोज सहा ते साडेआठ बापलेक तिथं. ती इंग्रजी वाचायची, अर्थ सांगायची. दगडूबा डोळे मिटून शब्द शोधायचे. कधी एका शब्दाला आठवडा लागायचा. एके दिवशी मेनूतले काही शब्द फिकट दिसले. "हे पुसट का?" "ते आत्ता दाबता येत नाहीत, अण्णा. आधी दुसरं काहीतरी करायला लागतं." दगडूबा खुर्चीतून उठलेच. "कुलपात आहेत! अगं, कुलपात आहेत ते! रमे, इकडं ये, बघ, ह्यांनीपण कुलूप ठेवलंय!" त्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन भजी आणली.

बटणावरच्या ‘ओके’चं काय करायचं यावर चार दिवस गेले. चित्रानं ‘ठीक’ म्हटलं, ‘मान्य’ म्हटलं. दगडूबा म्हणाले, "मान्य कशाला? कॉम्प्युटर काहीतरी सांगतोय, आपण ऐकलंय एवढं त्याला कळवायचंय. ‘बरं’ लिही." चित्रानं टाळी दिली. त्या शब्दाची चाळभर बातमी झाली. जुना केबिनवाला उत्तम मोरे मुद्दाम बघायला आला. "जय भीम, साळवेसाहेब! ऐकलं तुमची बोलती मशीनमधी भरली. आता मशीनपण म्हणणार, ‘मेली, बरं’?" मग पडद्याकडे बघून हळूच म्हणाला, "पॅनलला भ्यालेला माणूस, आणि हे रे कसं जमलं तुला?"

"हे मला विचारून बनवतात," दगडूबा म्हणाले.

आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी उत्तमला सांगितली नाही. चित्रानं त्यांना दाखवलं होतं: मदतीच्या पानाच्या अगदी शेवटी, ज्यानं ज्यानं काम केलं त्याचं नाव असतं. पंधरा मार्चपर्यंत शब्द पाठवले की पुढच्या आवृत्तीत मराठी येणार, आणि तिथं लिहिलेलं असणार: चित्रा साळवे, दगडू साळवे. "माझं कशाला?" ते म्हणाले होते. पण नंतर दोनदा विचारलं, सहज विचारल्यासारखं, की ते नाव मराठीत असेल का इंग्रजीत.

पंधरा मार्च चुकवून चालणारही नव्हतं. चित्राला हैदराबादेत नोकरी लागली होती, वीस तारखेला हजर व्हायचं होतं. फेब्रुवारी संपत आला तेव्हा यादीतले शेवटचे चाळीस-एक शब्द उरले होते.

सव्वीस फेब्रुवारीला, दुपारी, नळावर नंबर लावून बसलेले असताना दगडूबांना एक शब्द सापडला. लिहिताना केलेली चूक पुसायला मेनूत एक सोय होती, तिला त्यांनी नाइलाजानं ‘पूर्ववत’ ठेवलं होतं, आणि महिनाभर तो शब्द त्यांच्या घशात अडकून होता. शेजारच्या दोघी नंबरावरून भांडत होत्या, आणि एक म्हणाली, "आधी शब्द मागं घे!" दगडूबा बादली तिथंच टाकून घरी आले. ‘मागे घ्या’. चित्रा येण्याआधी यादीत लिहून ठेवू, आली की बघेल, असं त्यांनी ठरवलं. कॉम्प्युटर चालू करायला ते शिकले होते. यादी कुठं असते तेही माहीत होतं: ‘शब्द’ नावाचं पिवळं पाकीट. त्याच्यावर टिचकी मारली, पाकीट निळं झालं. आता उघडायचं कसं? दोन टिचक्या भराभर मारायला लागत, ते त्यांच्या बोटाला जमत नसे; ते काम चित्राचं. त्यांनी पाकिटांचा मेनू उघडला, त्यात ‘उघडा’ अशी ओळच नव्हती, आणि वरून खाली वाचत गेले. चौथ्या ओळीवर लिहिलं होतं: ‘काढा’.

फाईल काढा. सात वर्षं ऐकलेलं. दगडूबांनी ते दाबलं.

पडद्यावर चौकट आली: ‘शब्द’ आणि त्यातलं सगळं काढलं जाईल. खाली दोन बटणं. ‘बरं’ आणि ‘राहू दे’.

काढलं जाईल. बरं.

त्यांनी ‘बरं’ दाबलं आणि हात मांडीवर ठेवून वाट बघत बसले. पिवळं पाकीट दिसेनासं झालं. म्हणजे शिपाई कपाटाकडे गेला, ते मनाशी म्हणाले. जुनं मशीन आहे, येईल सावकाश. रमाबाईनं चहा आणून दिला. "काय बघताय?" "फाईल काढलीय. येतीय." पाऊण तास झाला. मग त्यांना वाटलं, कपाट मोठं असेल.

चित्रा सहाला आली. चपला काढता काढता तिनं पडद्याकडे बघितलं.

"‘शब्द’ कुठंय?"

"काढायला सांगितलंय," दगडूबा म्हणाले. "अगं, मला शब्द सापडला! ‘मागे घ्या’. कसा आहे?"

ती पर्स खांद्यालाच ठेवून खुर्चीत बसली. इकडं दाबलं, तिकडं दाबलं. मग एवढ्या मोठ्यानं ओरडली की शेजारचा रेडिओ बंद झाला. "कुणी हात लावायला सांगितलेलं तुम्हाला? कुणी सांगितलेलं, अण्णा? मी नसताना! नऊ महिन्यांचं काम आहे ते!"

"पण मी फक्त काढा म्हटलं—" दगडूबांनी बोट केलं. "लिहिलंय ना तिथं. ‘काढा’."

चित्रानं मेनू उघडला. चौथी ओळ वाचली आणि खांद्यावरची पर्स खाली ठेवली. तिथं दोघांनी मिळून ‘काढून टाका’ लिहिलं होतं. पण त्या मोडक्या अक्षरांत ते मावत नव्हतं. पडद्यावर ‘काढून टा’ एवढंच दिसायचं, फार वाईट दिसायचं. तिनं आदल्या दिवशी घाईघाईत ते छाटून ‘काढा’ केलं होतं. सांगायचं राहून गेलं होतं. आणि या मोकळ्या, फुकट, जगभरच्या माणसांनी बनवलेल्या गोष्टीत पुसलेलं पाकीट परत आणायची सोय अजून कुणी केलेली नव्हती.

"हे मी केलंय," ती म्हणाली. "तुम्ही नाही."

"बटण मी दाबलं."

"शब्द मी छाटला."

"आणि ‘बरं’ माझा," दगडूबा म्हणाले. रमाबाई दोघांच्या मध्ये उभी होती, आणि तिला एवढंच कळलं होतं की काहीतरी गेलंय. "पुलिसात सांगून उपेग न्हाई का?" तिनं विचारलं. एरवी यावर घर हसलं असतं.

चित्रानं एक नक्कल फ्लॉपीवर ठेवली होती. दिवाळीतली होती, पण होती. फ्लॉपी घातली, आतून कुरकुर आवाज आला आणि काही वाचलं गेलं नाही. तिनं ती रमाबाईच्या साडीनं पुसली, पुन्हा घातली. क्लासवर नेली, तीन मशीनमध्ये घालून बघितली. वहीत होते ते कच्चे शब्द, निम्मे खोडलेले, कुठला कशाचा याचा पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला दगडूबा नेहमीच्या स्टुलावर येऊन बसले. ताठ, डोळे मिटून. "लिही," ते म्हणाले. "पहिला खण. वरून खाली. नवी. उघडा. ठेवा. दुसऱ्या नावानं ठेवा. रेघ. छापा. रेघ. बाहेर. दुसरा खण. मागे घ्या. कापा. चिकटवा..." केबिनमधल्या लिव्हर ज्या क्रमानं पाठ होत्या तसे मेनू त्यांना पाठ होते. चित्रा टाइप करत राहिली. एका जागी अडकले की ते मागं जाऊन खणाच्या सुरुवातीपासून पुन्हा म्हणायचे, आणि विसरलेला शब्द आपोआप तोंडात यायचा. आवाज खरवडायला लागला की रमाबाई गूळ-पाणी पुढं करायची. पहिल्या दोन दिवसांत दोनशे शब्द झाले तेव्हा चित्राला वाटलं, जमेल. दगडूबांना तर खात्रीच होती.

पण मेनू संपले. उरली ती लांब वाक्यं: काही बिघडलं तर येणारी, जागा संपली तर येणारी, कधीतरी कुणाला तरी दिसतील अशी. ती दगडूबांनी पडद्यावर कधी पाहिलीच नव्हती. ती चित्रानं एकटीनं केली होती आणि आता तिला आठवत नव्हती. ती क्लासवरून रजा काढून दिवसभर बसली. हैदराबादचे कागद, सामान, शिधापत्रिकेतलं नाव कमी करणं, सगळं त्याच दिवसांत. पंधरा तारखेला तिनं जे होतं ते पाठवलं. चारशे त्रेसष्ट. सोबत इंग्रजीत एक लांब पत्र लिहिलं, की तुमच्या चौकटीत बटणावर नुसतं ‘ओके’ असतं ते चूक आहे. बटण दाबल्यावर जे होणार तेच बटणावर लिहा. माझ्या वडिलांनी ‘ऐकलं’ म्हणायला बटण दाबलं आणि त्यांचं सगळं काम पुसलं गेलं. आणि पुसलेलं परत आणायची सोय करा.

अठराला उत्तर आलं. चित्रानं ते क्लासमध्ये छापून घेतलं आणि घरी येऊन, उभ्या उभ्याच, एकेक ओळ मराठीत सांगितली. सभ्य पत्र होतं. तीन चतुर्थांश काम पुरं नसेल तर ती भाषा आवृत्तीत घेता येत नाही, नियम सगळ्यांना सारखा. पुढच्या वेळी जरूर प्रयत्न करा. ‘ओके’ म्हणजे काय हे सगळ्यांना कळतं, त्यामुळे बदलायची गरज वाटत नाही.

"सगळ्यांना कळतं," दगडूबा म्हणाले, आणि नेहमीचा शब्द त्याला जोडला नाही. थोड्या वेळानं विचारलं, "नावं?"

"नाहीत येणार, अण्णा."

"तुझं तरी?"

"नाही."

त्यांनी तो कागद मागून घेतला. इंग्रजी येत नव्हतं, तरी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, कुठं ‘साळवे’ दिसतं का बघितलं, आणि घडी घालून परत दिला.

एकोणीस तारखेला चित्रा गेली. कॉम्प्युटर तिनं घरीच ठेवला, "तुम्हाला सराव राहील," म्हणाली. दगडूबांनी त्याच्यावर एक जुनी चादर घातली. सहा वाजले की ते उठून बाहेर जायला लागले, स्टेशनच्या पुलावर उभे राहायचे, साडेआठला परत. एकदा रमाबाईनं न विचारता शिलाई मशीन जुन्या जागी आणलं आणि कॉम्प्युटर कोपऱ्यात सरकवला. दगडूबांनी बघितलं आणि सरकलेली चादर नीट केली.

रविवारी सकाळी दोघं नाक्यावरच्या एसटीडी बूथवर जायची. ठरलेल्या वेळी चित्राचा फोन यायचा. आधी रमाबाई बोलायची, जेवण, भाडं, खोलीतली मैत्रीण, सगळं. मग फोन दगडूबांकडे. मे महिन्यातल्या एका रविवारी रमाबाई दाराशी उभी राहून ऐकत होती.

"बसता ना मशीनवर, अण्णा?" पलीकडून आलेला प्रश्न तिला ऐकू आला; चित्राचा आवाज लहानपणापासून मोठाच.

"बसतो की," दगडूबा म्हणाले. "रोज. सहा ते साडेआठ."

रमाबाईनं मान वर केली. तेहतीस वर्षांच्या संसारात या माणसानं खोटं बोललेलं तिनं ऐकलं नव्हतं.

"आणि तुझं गं? राहिलेली वाक्यं?"

चित्राचा मोठा आवाज एकदम बारीक झाला. "चाललंय, अण्णा. रोज थोडं थोडं. ऑफिसमधून आले की बसते."

"बस. डोळे सांभाळ."

फोन ठेवून ते बाहेर आले. ऊन तापायला लागलं होतं. बूथवाल्यानं हाक मारली, त्यांनी हात वर केला. थोडं अंतर चालून झाल्यावर रमाबाईनं विचारलं, "काय म्हनली?"

"चाललंय म्हणाली."

"आन् तुमाला पटलं?"

दगडूबा भाजीवाल्याच्या गाडीशी थांबले, एक गवारीची शेंग उचलून मोडून बघितली, आणि बराच वेळ तशीच हातात धरून उभे राहिले. रमाबाईनं पिशवी पुढं केली आणि त्यांच्या वतीनं स्वतःच पाव किलो मागितली.